हमालछाप बियर

सोमवार, ९ जानेवारी १९६७
बोईसर

शी! थू! आज मी जे प्यायले ते गुरांच्या आंबोणात ओतलं तर गुरंसुद्धा तोंड फिरवतील.

ही डायरी ह्यांनी मेसमधून आणून दिली. म्हणाले, "रोज प्यायल्यावर कसं लागलं ते लिहीत जा, मड्डम विचारते." लिहीन की! सातवीपर्यंत शिकलेय, अक्षर बरं आहे आणि माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या नवापूरला माहीत आहे. मड्डमला काय सांगायचं ते हे बघून घेतील. इथे मी खरं तेच लिहिणार.

तर खरं असं. तारापूरला विजेचा मोठा प्रकल्प उभा राहतोय. तिथे परदेशी साहेबलोकांची मेस आहे आणि आमचे हे, म्हणजे कृष्णकांत, त्या मेसच्या भांडारात कारकून आहेत. मुंबईहून मेसला काळ्या बियरच्या पेट्या आल्या. साहेबांनी एकेक घोट घेतला, तोंडं वाकडी केली आणि पेट्या कोपऱ्यात ढकलल्या. एका साहेबाच्या मड्डमने ह्यांना विचारलं, बाळ कसं आहे? हे म्हणाले, संध्याकाळ झाली की रडतं. मड्डम म्हणाली, आईला दूध कमी पडत असेल, माझ्या आजीच्या गावाकडे बाळंतिणीला ही काळी बियर देतात, घेऊन जा. म्हणजे जी साहेबांच्या घशाखाली उतरली नाही ती माझ्यासाठी आली. वा रे वा!

बाटलीवर चित्र आहे. लाल मिशांचा एक बाप्या, पाठीवर गोणी. हे म्हणाले, "ह्या बियरला पोर्टर म्हणतात. पोर्टर म्हणजे हमाल. तिकडचे हमाल पितात, अंगात ताकद येते."

मी म्हटलं, "मग मी कुठली गोणी उचलणार आहे?"

सासूबाई बाजूला उभ्याच होत्या. "पी गो गप. पोराचा जीव मोठा का तुजी जीब मोठी?"

बाटली उघडायला काही नव्हतं. ह्यांनी दाराच्या कडीत अडकवून झाकण उडवलं आणि फेस सगळा सदऱ्यावर घेतला. आधी वास आला. भात तळाला लागून करपला, टोपात पाणी घातलं आणि दोन दिवस कोणी बघितलंच नाही, तर जो वास येईल तो. मग चव. पहिल्यांदा जळक्या गुळासारखं लागलं, मी म्हटलं चला, चालेल. तेवढ्यात मागून कडू आलं. कडुलिंब कडू असतो पण स्वच्छ असतो, हे मळकट कडू होतं. वर तो फेस, साबणाने तोंड धुताना चुकून जिभेवर जातो तसा. गिळलं ते नाकातून परत आलं.

आता कोणी म्हणेल, बाईमाणूस, सवय नाही म्हणून नावं ठेवते. अहो, मी नवापूरच्या मच्छीमाराची मुलगी. सकाळी उतरवलेली ताडी कुठली आणि दुपारची कुठली हे मला वासावरून कळतं. दारूबंदी काय कागदावर. चोरून का होईना, आमच्या दारात ताडी यायचीच. ताडी आंबट झाली तरी ताडासारखी लागते. ह्या हमालाला कशाचीच चव नाही, नुसती जळल्याची आहे.

मला विचाराल तर दूध कमी नाही. पदर भिजतो, पोलकं भिजतं. पण सासूबाईंनी चार पोरं वाढवलीत आणि मी एकही नाही. माझी पहिली मुलगी बारशाआधीच गेली, नाव ठेवायचंही राहिलं. हा मुलगा, नवशा, नवसाचा आहे. त्याच्यासाठी कोणी काहीही सांगितलं तरी मला नको म्हणवत नाही.

बुधवार, ११ जानेवारी

नवशा झोपला! काल बाटली प्यायले, त्याला पाजलं आणि ह्या मुलाने संध्याकाळभर हूं की चूं केलं नाही. चाळीतली शेजारीण विचारायला आली, "आज रडत कसा नाही?" सासूबाई म्हणाल्या, "दूद वाढलं." बियरचं काही बोलल्या नाहीत. बोलून चालणार नाही. साहेबांना परवाना आहे, आम्हाला नाही. बाटली घरात सापडली तर ह्यांची नोकरी जाईल आणि वर हे आत जातील. बाटल्या तांदळाच्या पिंपात खोल पुरून ठेवल्यात.

आजची चव: कालच्यापेक्षा वाईट, कारण आज माहीत होतं काय येणार आहे. होडीला तळाशी डांबर लावतात ना, बाबा लावायचे तेव्हा आम्ही मुलं नाक धरून पळायचो. आज पळता आलं नाही, सासूबाई दारात उभ्या होत्या.

मेली ती चव जेवणानंतरही जात नाही. पान खाल्लं, ओवा खाल्ला, शेवटी राखुंडीने दात घासले. ढेकर आली की पुन्हा हमाल हजर.

रविवार, १५ जानेवारी

काल संक्रांत झाली. तिळगूळ घ्या, गोड बोला! गोड बोलायला आधी तोंड गोड पाहिजे ना.

आज सासूबाईंनी सुगरणपणा दाखवला. म्हणाल्या, थंड आहे म्हणून उतरत नाही, काढा करून देते. आलं, गूळ, वेलची घालून हमालाला चुलीवर चढवला. उकळी आली आणि त्याच्यात जे काय झोपून होतं ते सगळं जागं झालं. असा वास सुटला की शेजारचा म्हातारा खोकत बाहेर आला. त्याला सांगितलं, बाळंतकाढा आहे. म्हातारा म्हणाला, "कोणाला मारायला?"

मग दुधात घालून बघितली. दूध फाटलं. काळ्या पाण्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगायला लागल्या, ते बघूनच मला ओकारी आली. मी मागच्या दारी पळाले. सासूबाई म्हणाल्या, वाया घालवायचं नाही, आणि कोरी बाटली फोडून पुन्हा समोर ठेवली. प्यायले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. हे म्हणाले, "मड्डमला सांगतो, आवडली." मी म्हटलं, "सांगा, आणि तिलाही एक पाजा."

सासूबाईही हल्ली 'कडू किती ते बघते' म्हणून अर्धा पेला घेतात. रोज बघावं लागतं त्यांना. गुडघे दुखायचे थांबलेत म्हणतात.

ओकायला मागे गेले तेव्हा सोमी हसत होती. चाळीच्या मागे खडीचे ढीग आहेत, तिथे पेंढ्याच्या झोपडीत ती आणि तिचा नवरा राहतात. डोंगराकडची माणसं. भात झोडून झाला की मजुरीला खाली येतात. सोमी प्रकल्पाच्या रस्त्यासाठी दगड फोडते आणि तिची पोर, जिवली, बाजूला फडक्याच्या झोळीत असते. नवशाहून थोडी मोठी. आमच्या विहिरीवर पाण्याला येते तशी ओळख झाली.

"बाय, परत दिवस गेले का काय?" तिने विचारलं.

"जा गं! औषध पितेय, दूध येण्याचं."

"असं औषद असतं व्हय?" तिला फार नवल वाटलं.

शुक्रवार, २० जानेवारी

आज आईशी भांडले. लिहायला नको वाटतं पण लिहिते.

आई, म्हणजे काशीबाई, बोईसरच्या बाजारात मासळी घेऊन येते. आज पाटी रिकामी झाल्यावर इकडे आली. पदराखाली मुशीचा तुकडा राखून ठेवलेला. भरपूर लसूण घालून कालवण केलं. देवा रे, किती दिवसांनी जिभेला जिभेसारखं वाटलं! ताट चाटूनपुसून खाल्लं. बाळंतिणीला मुशी म्हणजे दूधच, असं आमच्याकडे सगळ्याच म्हणतात.

मग आईने नवशाला घेतलं. हलवलं, टिचक्या मारल्या, गालाला बोट लावलं. तो नुसता पडून.

"गो पुष्पे, ह्या पोराला झालाय काय?"

"झोपलाय."

"ह्या वक्ताला?" तिने त्याच्या तोंडाला नाक लावलं, मग माझ्या. "तू काय प्यालीस?"

सांगितलं. बाटली दाखवली. आईने बोट बुडवून जिभेला लावलं आणि अंगणात जाऊन थुंकली. "आपल्यात पाचवीला देवीपुढं ताडी ठेवतात, तिचा थेंब बाळंतिणीच्या जिबेवर. थेंब! मग पोर दूद तोडीपरेंत हात नाय लावायचा. माज्या आयेनं मना सांगितला, मी तुला सांगते."

"का नाही लावायचा?"

"का ते मना ठाव नाय. नाय लावायचा. आनि हे निजनं नाय गो, गुंगनं हाय."

सासूबाई आतून बाहेर आल्या. "तुमच्या ताडीची आनि साहेबाच्या औषदाची बरोबरी करता का इनबाई? पोर रडत होता तवा कुटं होतात?" दोघींची चांगलीच जुंपली. आई म्हणाली, मुलीला आणि नातवाला नवापूरला घेऊन जाते. मला काय झालं कोण जाणे. मी आईलाच म्हटलं, "पहिली तुझ्याकडेच होती ना? तुझंच ऐकत होते ना तेव्हा?"

आईने पाटी उचलली आणि चहा न घेता गेली.

मी असं बोलायला नको होतं. पण ती अडाणी आहे. मड्डम शिकलेली आहे, त्यांच्या देशात काय मुलं मरत असतील का?

आजची चव लिहीत नाही. कालवणावर हमाल ओतला, यातच काय ते समजा.

शुक्रवार, २७ जानेवारी

दवाखान्यात नेलं होतं. नर्सने नवशाला काट्यात ठेवलं, कागद बघितला, पुन्हा ठेवला. म्हणाली, वजन वाढायला हवं होतं, उलट उतरलंय. अंगावर नीट पितो का?

मी म्हटलं, थोडं पितो आणि झोपतो.

"तुम्ही काय काय खाता?"

मेथीचे लाडू सांगितले, डिंक सांगितला, खसखस, शेवग्याचा पाला, मुशी, सगळं सांगितलं. बियर ओठांवर आली होती, गिळली. सरकारी माणूस, दारूचं नाव काढलं आणि तिने पोलिसात कळवलं तर? सासूबाईंनी खालून पायाने दाबलं ते वेगळंच. नर्स म्हणाली, "मग तर दूध भरपूर पाहिजे. बघा, जागं करून पाजा."

 पहिलीचंही असंच झालेलं, आधी हलकी झाली, मग एका सकाळी हाताला थंड लागली. हे घरी आले तर मी चुलीपाशी बसून रडत होते. हे बिचारे घाबरले. मग म्हणाले, "एका बाटलीने भागत नसेल. उद्यापासून दोन घे. सकाळी एक, संध्याकाळी एक." मी लगेच हो म्हटलं. दोन काय, चार सांगितल्या असत्या तरी हो म्हटलं असतं.

बुधवार, १ फेब्रुवारी

दोन दोन हमाल.

सकाळचा जास्त घाण. रिकाम्या पोटी तो थेट जाऊन बसतो आणि पोटात ढवळायला लागतं. गंजलेल्या लोखंडासारखी चव येते. आज खाली गाळ होता, पेंडीचा असतो तसा. दातांत अडकला. नाक दाबून पिते, गटागटा, मधे श्वास घेतला की संपलं. प्यायल्यावर गुळाचा खडा. आता गुळाचाही वीट आलाय. गूळ बघितला की हमाल आठवतो. एक चांगला पदार्थ आयुष्यातून गेला.

माझं डोकं जड. सकाळी भाकरी थापताना तव्यावरच हात टेकला, फोड आलाय.

छाती दगडासारखी झालीय, दुखते, हात लावू देत नाही. म्हणजे दूध आलंय! सासूबाई म्हणाल्या, "बग, आला का नाय गुन?" पण नवशा ओढतच नाही. तोंडात देते, दोनदा चोखतो आणि सोडून देतो. तळव्याला चिमटा काढला तर कण्हला आणि पुन्हा झोपला. सासूबाई म्हणतात, पोट भरलंय म्हणून.

भरलं असेल तर मांड्यांची कातडी अशी सैल का?

शनिवार, ४ फेब्रुवारी

आज रडलासुद्धा नाही. पूर्वी रडायचा तेव्हा मी कातावायची. आता वाटतं, रड रे बाबा, चाळ डोक्यावर घे.

त्याच्या टाळूवर नाक ठेवलं तर बाळाचा वास येत नाही, हमालाचा येतो. माझ्या घामालाही तोच. आंघोळ केली, शिकेकाईने केस धुतले तरी तोच. मला माझीच किळस येते. आणि एक खरं लिहू? आज संध्याकाळची अर्धी बाटली मी मोरीत ओतली. गिळवेचना. मग पदरात तोंड घालून रडले, की मुलगा असा पडलाय आणि ही बया चवीचे चोचले करते. उरलेली अर्धी प्यायले. डहाणूच्या महालक्ष्मीला बोलले, याला वाचव, मी रोज पीन, एक थेंब सांडणार नाही.

मंगळवार, ७ फेब्रुवारी

हे दुपारीच घरी आले, तोंड पांढरं. निवडणूक आलीय म्हणून पोलीस दारू शोधत फिरतायत, तारापूरच्या वाटेवर दोन नोकरांच्या पिशव्या उघडून बघितल्या. बाटल्या घरात नकोत. कुठे टाकायच्या? टाकायलाही जीव होईना, मुलाचं औषध आहे. मी सोमीला हाक मारली.

सोमी म्हणाली, "बाय, पोलीस आला का आदी आमच्याच झोपडीत हात घालतो."

"मग दगडांखाली ठेव. तुझ्या ढिगात कोण बघणार? माझ्या नवशाचं औषध आहे गं."

तिने नवशाकडे बघितलं. मग खडीच्या पाटीत बाटल्या भरून वरून दगड टाकले आणि डोक्यावर घेऊन गेली. हे म्हणाले, निवडणूक होईपर्यंत नाव काढायचं नाही. मी भांडले. म्हटलं, आणि तोवर ह्याला काय झालं तर? हे दाराकडे तोंड करून उभे राहिले. त्यांनाही रडू येत होतं.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

नवशा रडतोय. कालपासून. सासूबाई म्हणतात, "बगितलंस? औषद तुटलं आनि पोरानं तोंड पसरलं." मला काही सुचत नाही. रडला की छातीला लावते, दुसरं माझ्याकडे आहे काय? ओढतो, दमतो, पुन्हा ओढतो. छातीचा दगड आज मऊ झाला. सगळं संपवणार बहुतेक, मग काय पाजू?

सोमीकडे जाऊन एक तरी बाटली आणावी म्हणून निघाले होते. कोपऱ्यावर पोलीस दिसला, परत आले.

रविवार, १२ फेब्रुवारी

रडतो आणि पितो, पितो आणि रडतो. मला बूड टेकू देत नाही. आज भात मी उभ्यानेच खाल्ला. सासूबाईंचे गुडघे पुन्हा दुखायला लागलेत आणि त्या सगळ्यांवर डाफरतायत.

पण एक सांगते, तोंड मोकळं झालंय. आज नुसत्या भातावर सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली आणि प्रत्येक घासाची चव कळली. चटणी एवढी चांगली असते हे विसरलेच होते. मग वाईट वाटलं. मुलाला औषध नाही आणि मी चटणी चाटत बसलेय.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

नर्स हसली! काट्यात ठेवल्यावर नवशाने तिच्या हाताचं बोट धरलं आणि सोडेना. वजन चढलंय, चांगलं चढलंय. "काय केलंत एवढ्यात?" तिने विचारलं. सासूबाई पटकन म्हणाल्या, मेथीचे लाडू. मला तर हसूच फुटत होतं. काय सांगू बाई तुला, एक हमाल आहे!

घरी आल्यावर हे म्हणाले, "औषध मुरायला वेळ लागतो. जानेवारीत घेतलेलं आता अंगी लागतंय." अगदी पटलं. लोणचं नाही का, आज घातलं आणि आज खाल्लं असं होत नाही. एवढी किळस केली, एवढी तोंडं वाकडी केली, पण फुकट नाही गेलं. ह्यांनी मड्डमला सांगितलं, मड्डमने टाळ्या वाजवल्या म्हणे. ती आता घरी पत्र लिहिणार आहे, की इंडियातल्या बाईलासुद्धा गुण आला.

संध्याकाळी आई आली. मी नजर चुकवत होते, पण तिने काही काढलं नाही. नवशाला मासळीच्या पाटीत बसवलं आणि हाताने तोलून बघितलं, पापलेट तोलते तसं. नवशा खिदळला. आई म्हणाली, "बंद झाला का ता?"

"पोलिसांमुळे करावं लागलं."

"देव त्या पोलिसाचं भलं करो," आई म्हणाली.

तिला समजावत बसले नाही. आल्यासारखी हसून खेळून गेली, पुरे झालं. जाताना तिच्या पाया पडले. 

सोमवार, ६ मार्च

निवडणूक झाली, पोलीस गेले. हे म्हणाले, सोमीकडच्या बाटल्या आणू का, पुन्हा सुरू कर. नुसतं ऐकूनच माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकण्याआधी सुटतं ते. मी म्हटलं, आता नवशाला गरज काय? बघा की त्याच्या मांड्या! हे म्हणाले, बरं. सासूबाई म्हणाल्या, गुडघ्यांसाठी एखादी आणायला काय हरकत आहे? मी त्यांना चोळायला तेलाची वाटी आणून दिली.

महालक्ष्मीला मात्र बोलले होते, रोज पीन म्हणून. देवी समजून घेईल. तिने एकदा चव घ्यावी, मग बोलावं.

सोमीची जिवली हल्ली किरकिर करते. दात येतायत. तिचं रडणं दुपारभर आमच्या मागच्या दारात ऐकू येतं आणि सोमीचा घण चालूच असतो. मधूनच उठून पाजते, पुन्हा बसते. उन्हात ती बाई अर्धी झालीय.

बुधवार, २२ मार्च

होळी तोंडावर आली. डोंगरची माणसं होळीला खाली राहत नाहीत. सोमीही आज गेली.

सकाळी पाटी घेऊन आली. बाटल्या सगळ्या परत, वरची माती पुसून. "मोज, बाय." मी कसली मोजतेय? एवढे दिवस दगडाखाली ठेवून, पोलिसाची भीती असताना, एकीला हात लावला नाही तिने. तिच्या कडेवर जिवली रडत होती. मी विचारलं, दूध आहे का अंगावर?

"हाय. पन दिसभर दगूड फोडून आंग आटतं. पोर रडते, रडते. माजा नवरा बोलतो, तुजं दूद पानी हाय."

मला एकदम भरून आलं. जानेवारीत माझं तरी दुसरं काय होतं? मला मड्डम भेटली, हिला कोण भेटणार? मी म्हटलं, "सोमे, ह्या तूच ने. माझ्या नवशाला ह्यानेच उठवलं. सगळ्या ने."

ती मागे सरकली. "साहेबाचा माल हाय बाय. सापडली तर मारतील."

"कोणी बघत नाही." मी माझं जुनं लुगडं फाडून एकेक बाटली गुंडाळली आणि तिच्या गाठोड्यात तांदळाच्या मधे घातली. मग तिला नीट शिकवलं. सकाळी एक, संध्याकाळी एक, चुकवायची नाही. नाक दाबायचं, एका दमात घ्यायची, मधे श्वास घ्यायचा नाही, वर गुळाचा खडा. घरातला उरलेला सगळा गूळ तिला बांधून दिला, मला तसाही नकोय. एक बाटली तिथेच कडीत अडकवून फोडली. वास आला आणि मी पदर नाकाला लावला.

सोमीने घोट घेतला आणि थुंकली. "शी, बाय! काय घान हाय!"

"थुंकू नको! मी काय कमी थुंकले? पोराचा जीव मोठा का तुझी जीभ? हा बघ माझा नवशा."

तिने नवशाकडे बराच वेळ बघितलं. तो आईने आणलेला लाकडी मासा चोखत बसला होता, गाल असे वर आलेले. मग सोमीने डोळे मिटले आणि पूर्ण बाटली संपवली. अंगावर काटा आला तिच्या. मी पाठीवर हात फिरवला. अगदी खरं सांगते, तिच्यापेक्षा मलाच जास्त मळमळलं.

त्यांचा ट्रक यायला वेळ होता. ती आमच्या ओट्यावर बसली, भाकरी दिली ती खाल्ली, जिवलीला पाजलं. जिवली आधी पाय झाडत होती, नंतर हळूहळू गप्प झाली. दुसऱ्यांदा पाजलं तेव्हा चोखता चोखता तिची मान कलली आणि हात खाली लोंबला.

सोमी तिच्याकडे बघतच राहिली. "बाय, किती दिसांनी अशी गप निजली गो!"

"बघ, म्हटलं नव्हतं? आणि रडायला लागली तर घाबरू नको. एक जास्त घे."

तिने माझे पाय धरले. मी उठवलं, म्हटलं, वेडी की काय. मग ट्रक आला. तिच्या नवऱ्याने गाठोडं वर टाकलं, मी ओरडले, हळू हळू! ती पोरीला घेऊन मागे बसली, हात जोडत राहिली. खडीच्या वाटेवर ट्रक केवढा आदळत, खडखडत गेला, पण जिवलीने डोळा उघडला नाही. मला फार बरं वाटलं.